वृत्ती आणि वृत्तित्याग : कॅथलिक पंथ स्वीकारणाऱ्या धर्मोपदेशकांची आत्मनिवेदने व 'स्मृतिचित्रे'

'वृत्ती' ह्या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. मनाचा कल हा एक आणि चरितार्थाचे साधन हा दुसरा. नाशिकसारख्या क्षेत्री दुसरा अर्थ अधिक परिचयाचा. उपाध्यायाची वृत्ती म्हणजे यजमानांच्या घराण्यांवर त्याचा असलेला वंशपरंपरागत हक्क. ती असेल तोवर त्याच्या घरी चूल पेटावयाची. सामान्य गृहस्थाच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर राहू शकतात. कचेरीतील कारकुनाने आपला पंथ बदलला तर त्याला आप्तांचा रोष पत्करावा लागेल, परंतु महिनाअखेरीचा पगार बहुधा चुकणार नाही. धर्मोपदेशकाची गोष्ट निराळी. त्याच्या मनाची वृत्ती पालटली की चरितार्थाची वृत्ती त्याच क्षणी संपते. कारण त्याला वेतन मिळते ते त्या विशिष्ट श्रद्धेच्या प्रतिपादनाबद्दलच. आपला पंथ सोडून रोमन कॅथलिक मंडळीत गेलेल्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी आत्मनिवेदनपर जे वाङ्मय लिहिले, त्यात ह्या दुसऱ्या वृत्तीची दखल कितपत घेतली गेली आहे, आणि जी घेतली गेली नाही ती मराठीतील एका ग्रंथाच्या आधारे कशी भरून काढता येते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ विलायतेचा आहे असे नाही. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचा इतिहास पाहावा. इंग्रजी अमदानीत समुद्रमार्गे येणाऱ्याजाणाऱ्या गोऱ्या पलटणींचा मुक्काम ह्या छावणीत पडत असे. अशा छावण्यांतून उपासना चालविणारे अँग्लिकन व स्कॉटिश चॅपलेन हे सरकारच्या धर्मखात्याचे पगारी नोकर होते; त्यांना हुद्दा, रजा आणि निवृत्तिवेतन होते. कॅथलिक धर्मगुरूंस सैनिकांच्या सेवेबद्दल सरकारातून भत्ता मिळे, परंतु त्यांचे स्थान त्या बरोबरीचे नव्हते. म्हणजे पोपच्या अधिकाराविषयीचा मतभेद हा छावणीपुरता वेतनश्रेणीचाही भेद होता. अँग्लिकन चॅपलेनाने रोमची वाट धरली असती तर त्याला हुद्दा, बंगला व निवृत्तिवेतन ही तिन्ही सोडूनच ती धरावी लागली असती. इकडे नाशिक शहरालगतच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती वसाहत वसविली, तीही ह्याच प्रश्नाच्या पोटी. धर्मांतराने ज्याचे घर व धंदा सुटला त्याला राहावयास जागा आणि हातास काम पाहिजे, हे मिशनऱ्यांना येथे आल्यावर लवकरच उमगले होते. पण ही व्यवस्था झाली ती हिंदु धर्मातून आलेल्यांसाठी. एका ख्रिस्ती मंडळीतून दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत जाणाऱ्या धर्मोपदेशकाची तरतूद करणे ही कल्पनाच निराळी. ती रूढ व्हावयास शतकाची अखेर उजाडावी लागली.

ह्या वाङ्मयाचा मेरुमणी अर्थातच न्यूमनचा 'अपोलॉजिया' (१८६४). एका मनाने सत्याचा शोध कसा घेतला ह्याचा इतका काटेकोर इतिहास क्वचितच लिहिला गेला असेल. तथापि ह्या इतिहासात पैशाला स्थान नाही. न्यूमनने १८४३ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट मेरीज चर्चचे पद सोडले. ३ ऑक्टोबर १८४५ रोजी ओरिअल कॉलेजच्या फेलोपदाचा राजीनामा दिला. आणि ९ ऑक्टोबर रोजी लिट्लमोर येथे डॉमिनिक बार्बेरी ह्या धर्मगुरूच्या हस्ते तो कॅथलिक झाला. राजीनामा व प्रवेश ह्यांत अंतर अवघ्या सहा दिवसांचे. ह्या सहा दिवसांत त्याला कोणाचे तोंड पाहावे लागले नाही, घरभाड्याचा विचार करावा लागला नाही, कारण तो अविवाहित होता आणि त्याच्याभोवती समानशील मित्रांचा मेळा होता. हा काही न्यूमनचा दोष नव्हे. किंग्झलीने त्याच्या सत्यनिष्ठेवर आघात केला होता. उत्तर द्यावयाचे ते सत्यनिष्ठेचे, जमाखर्चाचे नव्हे. 'लॉस अँड गेन' (१८४८) ही त्याची कादंबरी मात्र ह्या दृष्टीने अपुरी वाटते. ग्रंथाच्या नावातच हानी आणि लाभ ह्यांचा हिशेब मांडण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु नायक पडला विद्यार्थी. त्याला ना पद, ना पत्नी, ना मुले. हानी कोणाची व्हावयाची ती व्यक्तीच कादंबरीत नाही.

जी व्यक्ती न्यूमनच्या लेखनात नाही ती त्याच्या अनुयायांच्या आयुष्यात होती. डब्ल्यू. जी. वॉर्ड हा ह्या चळवळीतील सर्वांत निर्भीड तार्किक. त्याच्या ग्रंथाबद्दल फेब्रुवारी १८४५ मध्ये विद्यापीठाने त्याच्या पदव्या काढून घेतल्या, आणि ब्रह्मचर्याची महती गाणाऱ्या ह्या गृहस्थाने त्याच वर्षी विवाह केला! ऑक्सफर्डमध्ये ह्यावर बराच विनोद झाला. पण विनोद बाजूला ठेवला तर उरते ते असे की, विवाहित पुरुषाला लॅटिन संप्रदायात धर्मगुरू होता येत नव्हते, आणि त्याने आजवर अभ्यास केला होता तो धर्मशास्त्राचाच. टी. डब्ल्यू. अ‍ॅलिस ह्याची कथा अधिक बोलकी आहे. ऑक्सफर्ड परगण्यातील लाँटन येथील चांगल्या उत्पन्नाचे पद त्याने १८५० मध्ये सोडले. पदरी पत्नी आणि मुले. काही काळ शिकवण्या करून त्याने दिवस काढले. पुढे १८५३ मध्ये गरिबांच्या शाळांसाठी काम करणाऱ्या कॅथलिक समितीचा तो चिटणीस झाला आणि ते काम त्याने सुमारे चार दशके केले. न्यूमनने डब्लिन येथे कॅथलिक विद्यापीठ काढले तेव्हा अ‍ॅलिसप्रमाणेच आणखी काही मतांतरितांना तेथे व्याख्यातेपदे देऊ केली. विद्यापीठाच्या इतिहासात हे शैक्षणिक धोरण म्हणून नोंदले जाते. माझ्या मते ते मदतकार्यही होते, आणि उत्तम प्रतीचे. भिक्षा न घालता काम द्यावे, तेही त्या माणसाच्या विद्येला साजेल असे, ह्याहून चांगली मदत सुचणे कठीण. अ‍ॅलिसने 'अ लाइफ्स डिसिजन' (१८८०) ह्या ग्रंथात आपल्या निर्णयाचा इतिहास दिला आहे. परंतु त्यातही प्रधान विषय आहे तो निर्णय. संसाराची ओढाताण हे त्या निर्णयाचे मोल म्हणून येते. घरातील इतर माणसांचा अनुभव म्हणून नव्हे.

अशा एकेकट्या साह्याला संस्थेचे रूप आले ते १८९६ मध्ये. त्या वर्षी पोप तेरावे लिओ ह्यांनी अँग्लिकन गुरुदीक्षा निरर्थक ठरविणारे पत्रक काढले, आणि त्याच वर्षी इंग्लंडात मतांतरित धर्मोपदेशकांच्या मदतीसाठी 'कन्व्हर्ट्स एड सोसायटी' स्थापन झाली. हे दोन प्रसंग एकत्र वाचावयास हवेत. पहिल्याने असे ठरले की, रोमकडे येणारा अँग्लिकन धर्मोपदेशक कॅथलिकांच्या दृष्टीने सामान्य गृहस्थच होय; त्याची आजवरची सेवा दीक्षा म्हणून जमेस धरली जाणार नाही. दुसऱ्याने ह्या ठरावाचा प्रापंचिक परिणाम सोसण्यासाठी हात पुढे केला. ती संस्था आजही चालू आहे; १९९२ पासून तिचे नाव सेंट बार्नबस सोसायटी असे आहे. विवाहितांसाठीची वाट पुढे हळूहळू रुंदावली. १९५१ च्या डिसेंबरात जर्मनीतील माइन्झ येथे रुडोल्फ गोएथे ह्या विवाहित ल्यूथरन पाळकाला पोप बारावे पायस ह्यांच्या अनुज्ञेने कॅथलिक गुरुदीक्षा मिळाली. २००९ च्या पोपच्या आज्ञापत्रानंतर २०११ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन परंपरेच्या लोकांसाठी स्वतंत्र धर्मप्रांतासारखी योजना झाली व तीत अनेक विवाहित माजी अँग्लिकन धर्मोपदेशकांस दीक्षा देण्यात आली.

ह्या सर्व क्रमात मला विशेष महत्त्वाची वाटते ती घटना निराळीच आहे. स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचे अँग्लिकन मंडळीने १९९२ मध्ये ठरविल्यावर, ज्यांना हे सदसद्विवेकाच्या दृष्टीने मान्य होण्यासारखे नव्हते अशा धर्मोपदेशकांनी पद सोडल्यास त्यांना ठराविक मुदतीपर्यंत अर्थसाह्य देण्याचा कायदा त्या मंडळीनेच १९९३ मध्ये केला. पद सोडणाऱ्यांपैकी कित्येक रोमकडे गेले. म्हणजे सोडून जाणाऱ्याच्या प्रवासखर्चाचा काही भाग ज्याचे घर सोडले त्यानेच उचलला! वरवर पाहता हा अव्यवहार वाटेल. वस्तुतः त्यात मोठे शहाणपण आहे. ज्याची श्रद्धा पालटली आहे, पण घर जाईल म्हणून जो पालटल्याचे सांगत नाही, असा धर्मोपदेशक व्यासपीठावर उभा राहून दर रविवारी असत्य बोलत असतो. हे असत्य त्याला तर खातेच, पण समोर बसलेल्या मंडळीलाही ते नकळत दिले जाते. तेव्हा निघून जाणाऱ्याला निर्भयपणे जाता यावे ह्यात राहणाऱ्यांचाही स्वार्थ आहे.

आपल्याकडे मात्र ह्या मदतीचे नाव काढताच एक जुना आक्षेप पुढे येतो. 'पोटासाठी बाटला' हा तो आक्षेप. महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या प्रत्येक पिढीने तो ऐकला आहे, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा बराच भाग त्याला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतो. आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. निर्णय होण्याआधी दाखविलेली मदत ही लालूच ठरते, हे मान्य केलेच पाहिजे. पण निर्णय झाल्यावर दिलेल्या मदतीलाही तेच नाव देणे हा अन्याय होय. कारण बहुतेक प्रसंगी माणसाने जे सोडले ते मिळणाऱ्या मदतीच्या कितीतरी पट असते. अमेरिकन मराठी मिशनच्या जन्मकथेतच ह्याचे उदाहरण आहे. १८१२ मध्ये सेलम येथे दीक्षा घेऊन पाच तरुण हिंदुस्थानकडे निघाले. त्यांपैकी हॉल व नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले व तेथून ह्या मिशनचा आरंभ झाला. उरलेल्यांपैकी जडसन व राइस ह्यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत समुद्रप्रवासात आणि कलकत्त्यास पालटले व ते बाप्टिस्ट झाले. ज्या मंडळाने त्यांना पाठविले त्याचा पैसा घेणे आता उचित नव्हते. परक्या देशात, वेतनावाचून, जडसन सपत्नीक राहिला. राइस मायदेशी परतला तो मदत उभी करण्यासाठी, आणि त्याच्या खटपटीतून १८१४ मध्ये अमेरिकेतील बाप्टिस्टांची पहिली व्यापक संघटना उभी राहिली. मतांतर आधी आणि मदत मागाहून, हा क्रम येथे स्वच्छ दिसतो.

ह्याच मिशनचा मुंबईतील जॉर्ज बोवेन १८४९ च्या सुमारास आपण होऊन वेतन सोडून गरीब वस्तीत राहू लागला. मिशनऱ्याचे राहणीमान त्याच्या उपदेशाआड येते असे त्याचे मत होते. बोवेनविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे : बोवेन एकटा होता. नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे ह्यांचेही तसेच. काशीत वाढलेल्या ह्या चित्पावन पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चर्च मिशनरी सोसायटीच्या सरळ प्रॉटेस्टंट वातावरणातून निघून १८७६ मध्ये ते अँग्लिकन मंडळीतीलच, पण कॅथलिक आचारांकडे झुकलेल्या काउली बंधूंच्या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. रोमपर्यंत ते गेले नाहीत. त्यांच्या वैराग्याचे वर्णन आदराने केले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्यांची पत्नी लवकर वारली होती, आणि एलन लक्ष्मी ही त्यांची मुलगी परक्यांच्या घरी, प्रथम येथे व नंतर विलायतेत, वाढली. तीही पुढे ख्रिस्ती गीतकर्त्री म्हणून नावारूपास आली. पित्याच्या चरित्रात जी ओळ दोन शब्दांत संपते ती मुलीच्या आयुष्यात सारे बालपण व्यापून असते. चरित्रकाराने कोठे उभे राहून पाहिले ह्यावर ग्रंथाचे माप ठरते ते असे.

येथे 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. नारायण वामन टिळक कॅथलिक झाले नाहीत, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. परंतु एकदा हिंदु समाज आणि दुसऱ्यांदा मिशनची नोकरी, असा सदसद्विवेकापायी दोनदा वृत्तित्याग त्यांनी केला. आणि त्या दोन्ही त्यागांचा वृत्तांत त्यांच्या पत्नीने लिहून ठेवला. आपल्या विषयाला आधार होईल असा दुसरा ग्रंथ मराठीत नाही, आणि इंग्रजीतही त्याच्या तोडीचा सहसा सापडणार नाही.

पहिला त्याग १८९५ चा. त्या वर्षीच्या १० फेब्रुवारीस टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात हा दिवस प्रकाशाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात तो दिवस नवरा जिवंत असता पोरक्या झालेल्या स्त्रीचा आहे. नाशिकजवळील जलालपूरच्या ह्या ब्राह्मणकन्येने काही मतांतर केलेले नव्हते. तिचा देव, तिचे सोवळे, तिची जात सारे जागच्या जागी होते. गेला तो तिचा आधार. पंढरपुरास आणि अन्यत्र नातलगांच्या आश्रयाने तिने लहान मुलासह काढलेली वर्षे वाचताना ध्यानात येते की, मतांतराची सर्वांत मोठी किंमत ज्याने मत बदलले त्याने दिली नसून जिने बदलले नाही तिने दिली. धर्मोपदेशकांच्या आत्मनिवेदनांतून हीच व्यक्ती हरवलेली असते. तिची बाजू तिच्याच तोंडून, तीही कुरकुर न करता, स्वतःवर व नवऱ्यावर हसत हसत सांगितलेली, असा योग वाङ्मयात वारंवार येत नाही.

दुसरा त्याग १९१७ चा. १९०४ मध्ये दीक्षा मिळालेल्या टिळकांनी दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनचे काम केले, आणि मग नोकरी सोडून ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्त आणि महाराष्ट्र ह्यांच्या आड परदेशी पैसा येतो, ही त्यांची धारणा होती. 'पोटासाठी बाटला' ह्या आक्षेपाला ह्याहून निर्णायक उत्तर कोणी दिलेले नाही. परंतु संन्यास घेतला तो गृहस्थाने. घर होते, घरात माणसे होती, आणि टिळकांचा हात सढळ होता हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकास सांगावयास नको. वेतन सोडण्याचा मान टिळकांचा. वेतनाशिवाय महिना निभावण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यानंतरच्या वैधव्यातील वर्षांचा भागही ह्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

'स्मृतिचित्रे'वरील समीक्षेने आजवर विनोद, साधेपणा, प्रांजळपणा ह्या गुणांचे भरपूर कौतुक केले. ते अनाठायी नाही, पण त्यामुळे ग्रंथाचा एक कणखर भाग झाकला गेला. लक्ष्मीबाई विनोद करतात तो बहुधा पैसा, अन्न व जागा ह्यांच्याच आसपास, आणि त्या विनोदाखाली हिशेब पक्का असतो. नवऱ्याच्या उदारपणावर त्या हसतात तेव्हा तो उदारपणा कोणाच्या ताटातून केला गेला हे वाचकास दिसत राहते. अ‍ॅलिसने आपल्या निर्णयाचे मोल सांगितले ते देणाऱ्याच्या भूमिकेवरून. लक्ष्मीबाईंनी ते सांगितले ज्यांना न विचारता ते वसूल झाले त्यांच्या वतीने. मतांतरित धर्मोपदेशकाच्या कुटुंबास मदत करू इच्छिणाऱ्या कोणत्याही संस्थेने नियम करताना पहिला प्रश्न ह्या ग्रंथावरून घ्यावा : पत्नीने मत बदलले नसेल तर तिला मदत मिळावयाची की नाही? माझ्या मते ती विनाअट मिळाली पाहिजे, आणि सर्वांआधी. १८९५ च्या लक्ष्मीबाईंना आधार हवा होता तो ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, तर हिंदु राहूनही मुलासह मानाने जगता यावे म्हणून. तशी अट घातली की मदतीची लालूच होते व 'पोटासाठी' हा आक्षेप खरा ठरतो.

हिंदुस्थानातील कॅथलिक मतांतराचे सर्वांत मोठे प्रकरण केरळात घडले. २० सप्टेंबर १९३० रोजी बिशप मार इवानिओस हे मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळी सोडून रोमशी एकरूप झाले. बरोबर एक बिशप, एक धर्मगुरू, एक डीकन आणि एक गृहस्थ, असे एकूण पाच. पेरुनाड येथे स्वतः उभारलेला बेथनी आश्रम त्यांना मागे ठेवावा लागला. येथे पौर्वात्य परंपरा उपयोगी पडली. विवाहित धर्मगुरू तीत पूर्वीपासून असल्यामुळे मागाहून आलेल्यांना पत्नी की सेवा असा पेच पडला नाही. अ‍ॅलिसला जी वाट बंद होती ती त्यांना उघडी होती. ह्या मलंकर कॅथलिक मंडळीचा धर्मप्रांत आता पुणे-खडकी येथेही असून २०१९ मध्ये त्याला पूर्ण दर्जा मिळाला आहे. त्या धर्मगुरूंच्या घरांतील स्त्रियांनी मलयाळममध्ये काही लिहून ठेवले असल्यास ते 'स्मृतिचित्रे'शेजारी ठेवून वाचण्यासारखे होईल.

जाता जाता ग्रंथाच्या इंग्रजी नावाविषयी. १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत निघालेल्या 'स्मृतिचित्रे'चे जोसेफीन इंक्स्टरकृत भाषांतर १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. नाव भक्तीला साजेसे असले तरी त्यामुळे हे एका अनुगामिनीचे कथन आहे असा समज होतो. लक्ष्मीबाई मागून आल्या हे कालक्रमाने खरे. त्यांचा बाप्तिस्मा १९०० चा. परंतु त्या आल्या त्या नवऱ्याच्या घरी आपले पाणी व आपला स्वयंपाक निराळा ठेवीत, एकेक सोवळे आपल्या विचाराने उतरवीत आणि आपल्या वेळेने. २०१७ मध्ये शांता गोखले ह्यांनी केलेल्या नव्या इंग्रजी भाषांतराने मूळ मराठी नाव कायम ठेवले आहे.